कोलेस्टेरॉल : दुखत नाही म्हणून सोडू नका



हुमणी लागलेला ऊस वरून हिरवागार दिसतो. पानं पिवळी पडेपर्यंत मुळं खाल्लेली असतात. रक्तातल्या कोलेस्टेरॉलचंही तसंच. शरीराला ते लागतं, यकृत ते स्वतःच तयार करतं. पण त्यातलं 'एलडीएल' वाढलं की रक्तवाहिनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं थर साचतो. एक दिवस तो फुटतो, तिथं रक्ताची गुठळी धरते आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटतो.

"आम्ही रानात राबतो, अंगावर चरबी नाही, आम्हाला कशाला तपासणी?" असं पुष्कळजण म्हणतात. किडकिडीत माणसाचंही एलडीएल वाढलेलं असू शकतं. रक्त तपासल्याशिवाय ते कळायचं नाही.

तेलाच्या डब्यावरच्या 'कोलेस्टेरॉलमुक्त' या अक्षरांना भुलू नये. कोणत्याच वनस्पती तेलात ते जवळजवळ नसतंच. वनस्पती तूप, साय, मटणाची चरबी बेतानं. विडी-तंबाखू मात्र सोडायचीच.

गोळीबद्दल आम्हाला निक्षून सांगायचं आहे. डॉक्टरांनी स्टॅटिन दिलं, तीन महिन्यांनी रिपोर्ट चांगला आला, की गोळी बंद! अहो, रिपोर्ट सुधारला तो गोळीमुळं. बंद केली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा वर. (पहिलं स्टॅटिन जपानच्या अकिरा एंडो यांना १९७३ साली बुरशीत सापडलं.) अंग दुखू लागलं तर डॉक्टरांना सांगावं, ते मात्रा कमी करतात किंवा गोळी बदलतात. झटका येऊन गेलेल्यांनी एलडीएल ७० मिलिग्रॅमच्याही खाली ठेवायचं असतं.

छातीत दाब येऊन दरदरून घाम सुटला, तर गॅस समजून सोडा पीत बसू नये. लगेच १०८ ला फोन करावा.