एक्स्पिरेटरी

चि. मुक्ता,

‘एक्स्पिरेटरी’ हे इंग्रजी विशेषण उच्छ्वासाचे, म्हणजे श्वास बाहेर सोडण्याचे. ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘स्पिरारे’ म्हणजे श्वसन करणे, ही त्यामागची लॅटिन जोडी. मूळ क्रियापद ‘एक्सस्पिरारे’. पण ‘एक्स’च्या उच्चारातच ‘स’ असल्याने पुढचा ‘स’ लेखनातून गळाला. म्हणून स्पेलिंगमध्ये एक्सनंतर थेट पी लिहावा, मध्ये एस घालू नये.

‘एक्स्पायर’ हे क्रियापद फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. अखेरचा श्वास सोडणे म्हणून मरणे, आणि त्यावरून मुदत संपणे, असे त्याचे अर्थ पसरत गेले. औषधाच्या पाकिटावरची ‘एक्स्पायरी’ याच कुळातली. विशेषण मात्र शरीरशास्त्रापुरतेच राहिले. कुळातला सर्वांत गमतीदार शब्द ‘कॉन्स्पायर’: व्युत्पत्तीने एकत्र श्वास घेणे, व्यवहारात कट करणे!

शब्द नुसता पाठ करू नये, छातीच्या हालचालीशी जोडून घ्यावा. शांत उच्छ्वासाला स्नायूंची मेहनत जवळजवळ लागत नाही. श्वासपटल सैल पडते, ताणलेली फुप्फुसे आपोआप आकसतात आणि सुमारे 500 मिलिलिटर हवा बाहेर पडते. त्यानंतरही जोर लावून आणखी लिटरभर हवा सोडता येते; तिला ‘एक्स्पिरेटरी रिझर्व्ह व्हॉल्यूम’ म्हणतात. तेव्हा मात्र पोटाचे आणि बरगड्यांमधले आतले स्नायू कामाला लागतात.

रुग्णाच्या कागदावर ‘इन’ (श्वास आत) आणि ‘एक्स’ (श्वास बाहेर) यांची अदलाबदल परवडत नाही. दम्यात छातीतल्या बारीक श्वासनलिका उच्छ्वासाच्या वेळी अधिकच अरुंद होतात, म्हणून शिट्टीसारखा आवाज मुख्यतः श्वास सोडताना येतो. श्वास आत घेताना घशाशी येणारा घरघराट वरच्या श्वसनमार्गातला अडथळा सुचवतो. स्टेथोस्कोप लावल्यावर रुग्णाची छाती वर येते आहे की खाली जाते आहे, हे डोळ्यांनी पाहावे आणि मगच शब्द लिहावा.

जॉन हचिन्सन यांनी 1840च्या दशकात स्पायरोमीटर हे श्वास मोजणारे यंत्र वापरून हजारो माणसांच्या उच्छ्वासाचे मोजमाप केले. आजच्या यंत्रावर रुग्ण पूर्ण श्वास घेऊन जोराने फुंकतो आणि पहिल्या सेकंदात किती हवा निघाली ते मोजले जाते. हा ‘फोर्स्ड एक्स्पिरेटरी व्हॉल्यूम’. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही तो एकूण फुंकलेल्या हवेच्या 0.70 पटीहून कमी भरला, तर ‘सीओपीडी’ या फुप्फुसांच्या दीर्घकालीन विकाराच्या निदानाला आधार मिळतो.

तुझा,
मामा