बॅटरी तासाला पुरावी, वर्षांनाही पुरावी

मी विदर्भात घरून भाषांतराचं काम करतो. इथे लॅपटॉपच्या बॅटरीकडून दोन अपेक्षा असतात. दुपारी लाइट गेली तर हातातलं काम पुरं व्हावं आणि ४५ अंशांच्या उन्हाळ्यातही बॅटरी काही वर्षं धडधाकट राहावी. दोन्हींसाठी उपयोगी पडलेल्या या गोष्टी.

१. आधी वॅट-तास पाहा. ५० वॅट-तासांची बॅटरी असेल आणि लॅपटॉप १० वॅट खात असेल, तर ती ५ तास पुरते. खर्च ६ वॅटवर आणला तर तीच ८ तासांच्या पुढे जाते. बॅटरी मोठी करणं आपल्या हातात नसतं, खर्च कमी करणं असतं.

२. उजेड आवरा. लिहिण्यावाचण्याच्या कामात पडदा भरपूर वीज खातो. खिडकीचा उजेड पडद्यावर पडणार नाही असं टेबल फिरवलं, की कमी ब्राइटनेसवर भागतं. काळी थीम ओएलईडी पडद्यावर वीज वाचवते. साध्या एलसीडीत मागचा दिवा तसाच जळत राहतो, त्यामुळे तिथे तिचा फारसा फायदा नाही.

३. पंखा घुं घुं करू लागला की टास्क मॅनेजर उघडा. विसरलेल्या टॅब, क्लाउडवर चढणाऱ्या फाइली, मागे चाललेलं अपडेट यांपैकी काहीतरी सापडतंच. असली कामं लाइट असताना उरकावीत.

४. झाकण मिटलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला असं नाही. स्लीपमध्ये रॅमला वीज लागतच राहते. हायबरनेट मात्र उघडं काम डिस्कवर उतरवून वीज जवळपास तोडतो. जेवणापुरतं उठायचं तर स्लीप, रात्रभरासाठी हायबरनेट.

५. उन्हापासून जपा. उष्णतेनं लिथियम-आयन बॅटरीतल्या नको त्या रासायनिक क्रिया वाढतात आणि त्यात गेलेली क्षमता परत येत नाही. गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपच्या हवेच्या फटी बुजतात, म्हणून खाली लाकडी पाट घ्या. उन्हात उभ्या गाडीत तर तो अजिबात ठेवू नका.

६. रोज शंभर टक्के भरू नका. पूर्ण उतरवून पूर्ण भरण्याचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. लिथियम-आयनला भरलेल्या अवस्थेत तापत राहणं फार सोसत नाही. अनेक लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. मी ती चालू ठेवतो. भारनियमनाची सूचना आली किंवा प्रवास असला, तरच पूर्ण भरतो. महिनाभर लॅपटॉप लागणार नसेल, तर निम्मा भरून बंद करून ठेवावा.

७. अधूनमधून तब्येत तपासा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढता येतो. नवी असतानाची क्षमता आणि आजची क्षमता शेजारी ठेवली, की झीज कळते. जुना लॅपटॉप घेतानाही विकणाऱ्याकडे हा रिपोर्ट मागावा.

८. बॅटरी फुगली तर काटकसर विसरा. टचपॅड वर उचलला गेला, झाकण नीट बसेना, तर लॅपटॉप लगेच बंद करा, चार्जर काढा. बॅटरी दाबू नका, टोचू नका; ती आग धरू शकते. जाणत्या कारागिराकडून बदलून घ्या आणि जुनी ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या, घंटागाडीत टाकू नका.