मेंदूच्या प्रयोगशाळेत इंजिनीअरचं काय काम?

मेंदूवर संशोधन म्हटलं की डोळ्यांसमोर डॉक्टर येतात. मग ई अँड टीसी, इन्स्ट्रुमेंटेशन किंवा कॉम्प्युटरवाल्यांनी तिथे इंटर्नशिपला जाऊन करायचं काय? हा प्रश्न मला रूममेटने विचारला आणि उत्तर शोधता शोधता हा लेख झाला. मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा मराठी सांभाळून घ्या!

आधी थोडा अभ्यास. १९५२ साली हॉजकिन आणि हक्सली यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून सिग्नल पुढे कसा जातो त्याची समीकरणं मांडली. त्यात पेशीचं आवरण म्हणजे कपॅसिटर आणि आयनांचे मार्ग म्हणजे व्होल्टेजप्रमाणे बदलणारे कंडक्टन्स. म्हणजे आपलं नेटवर्क ॲनालिसिसच की! या कामाला १९६३ मध्ये नोबेल मिळालं.

दुसरं उदाहरण ईईजीचं. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मिळणारा हा सिग्नल साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचा. ५० मायक्रोव्होल्टचा १ व्होल्ट करायचा तर गेन २०,००० हवा. पण खोलीतल्या वायरिंगचा ५० हर्ट्झचा गोंगाट त्याहून कितीतरी मोठा! तो दोन्ही इलेक्ट्रोडवर जवळपास सारखाच येतो, म्हणून डिफरन्शियल ॲम्प्लिफायर तो वजा करतो. उरलासुरला फिल्टरने काढायचा. व्हायवासाठी आपण सीएमआरआरची व्याख्या घोकतो, तिचा खरा उपयोग हा.

आता जायचं कुठे? हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, म्हणजेच एनबीआरसी आहे. १६ डिसेंबर २००३ रोजी राष्ट्रपती डॉ. कलाम यांनी ते राष्ट्राला अर्पण केलं, आणि कलाम स्वतः इंजिनीअर! तिथे पेशींबरोबरच संगणकीय मज्जाविज्ञानावरही काम चालतं. बंगळूरला आयआयएससी आणि निमहान्स, पुण्यात आयसर इथेही मेंदूवर संशोधन होतं.

वाटा दोन. पहिली उन्हाळ्याची. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दोन महिन्यांची समर रिसर्च फेलोशिप देतात, त्यात इंजिनीअरिंगची मुलंही असतात. चालू वर्षाची जाहिरात नीट वाचा. दुसरी वाट फायनल इयरच्या थिसिसची. त्यासाठी संशोधकांना आधी लिहावं लागतं आणि आपल्या कॉलेजची परवानगी व इंटर्नल गाईड लागतो. पत्रात ‘मला मेंदूची आवड आहे’ एवढंच लिहू नका. त्यांचे एक-दोन पेपर वाचा, आणि आपल्याला नेमकं काय जमतं ते चार ओळींत सांगा.

जमतं हे दाखवायला घरचा अभ्यास असा. फिझिओनेटवर १०९ जणांचा ६४ चॅनलचा ईईजी फुकट मिळतो, १६० हर्ट्झने सॅम्पल केलेला. त्यात डोळे उघडे आणि डोळे मिटलेले, अशी एकेक मिनिटाची रेकॉर्डिंग आहेत. डोक्याच्या मागच्या बाजूचे चॅनल घ्या, एफएफटी करा. डोळे मिटल्यावर बहुतेकांच्यात ८ ते १३ हर्ट्झला अल्फा लहरींचा उंचवटा दिसेल. ज्यांच्यात दिसत नाही, तिथे ‘का?’ विचारा. संशोधन तिथून सुरू होतं.

मित्रांनो, दुकानातून रेडीमेड प्रोजेक्ट आणला की मार्क मिळतात. पण ‘हाच फिल्टर का घेतला?’ असं कुणी विचारलं की दुकानदार उत्तराला येत नाही. सिलेक्शन होवो न होवो, वरचा अभ्यास हातात राहतो. रूमवर एक कॉम्प्युटर आणि एक रविवार, एवढ्यात सुरुवात होते. करून तर बघा!