मिश्रणवाचक इंग्रजी शब्द : अर्थच्छटा आणि मराठी पर्याय

पूर्ण समानार्थकता भाषेत विरळाच आढळते. इंग्रजीतील मिश्रणवाचक शब्दांच्या आधारे हा मुद्दा तपासून पाहू. 'मिक्श्चर', 'ब्लेंड', 'हॉचपॉच' या सर्वांसाठी 'मिश्रण' हा एकच शब्द योजण्याकडे भाषांतरकारांचा कल असतो. तो बहुधा आळसापोटीच असतो.

'मिक्श्चर' हा यांतील सर्वांत तटस्थ शब्द. तो लॅटिन 'मिस्केरे' या क्रियापदापासून आला. संस्कृत 'मिश्र' त्याचा सगोत्र आहे. लोहकीस व गंधक एकत्र केल्यास 'मिक्श्चर' होते, कारण चुंबकाने लोह वेगळे काढता येते. तेच तापवले की 'कंपाउंड', म्हणजे संयुग. 'ब्लेंड'मध्ये घटक एकजीव होतात, आणि ते एकजीव होणे बहुधा इष्टही मानलेले असते. चहाचा 'ब्लेंड' असतो. दुधात घातलेल्या पाण्याला मात्र कोणी 'ब्लेंड' म्हणत नाही, ती भेसळ होय.

'हॉचपॉच'पाशी थोडे थांबावे लागते. याचे मूळ 'हॉचपॉट'. हलवणे आणि भांडे या अर्थांच्या जुन्या फ्रेंच घटकांपासून तो बनला. पुढे वाटणीसाठी सर्व मिळकत एकत्र आणणे, असा अर्थ त्यास इंग्लंडच्या कायद्यात लाभला. आपल्याकडील हिंदू एकत्र कुटुंबाच्या वाटपाच्या दाव्यांत 'कॉमन हॉचपॉट' हा प्रयोग आढळतो. एखाद्या सहदायकाने स्वकष्टार्जित मिळकत त्यात स्वेच्छेने, तिच्यावरील स्वतंत्र हक्क सोडण्याच्या उद्देशाने टाकली, तर ती सामाईक ठरते आणि इतरांना तीत हिस्सा मिळतो. या तत्त्वाला 'ब्लेंडिंग' म्हणतात. येथे कोणी 'खिचडी' असे भाषांतर केले तर हसे होईलच. पण 'मिश्रण' म्हटल्यानेही कोणाचा हक्क गेला आणि कोणाला मिळाला, हे वाचकास कळणार नाही. 'सामाईक मिळकतीत समाविष्ट करणे' असेच लिहावयास हवे.

'पॉटपुरी'चा प्रवास याहून गमतीचा. फ्रेंचमध्ये त्याचा शब्दशः अर्थ 'कुजलेले भांडे'. एकेकाळी तो मांसाच्या रश्श्याचे नाव होता. आज सुगंधी वाळल्या पाकळ्यांना तो लावतात.

मराठीनेही असे शब्द स्वयंपाकघरातूनच उचलले आहेत. ताटातील खिचडी रुचते, पण 'खिचडी सरकार' म्हणताच त्यात टीका येते.

स्वयं-अध्ययन प्रश्न : 'काला', 'सरमिसळ' आणि 'मिलाफ' यांचा प्रत्येकी एका वाक्यात उपयोग करा. यांपैकी कोणता शब्द 'ब्लेंड'ला सर्वाधिक जवळचा वाटतो, ते सकारण लिहा.