करुणा आणि आपले ताट



बावीस प्रतिज्ञांपैकी तेरावी प्रतिज्ञा सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची आहे. ती घेतलेल्या घरात कोणी मांस, अंडी आणि दूधही सोडण्याचा विचार मांडला, की पहिला प्रश्न येतो : "म्हणजे आता आपण बामण व्हायचे काय?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. आपल्या वाडवडिलांच्या ताटाकडे बोट दाखवूनच त्यांना गावाबाहेर ठेवले गेले. १९२७ साली आपल्याच जिल्ह्यात महाड येथे बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले ते स्वाभिमानासाठी, कोणाच्या सोवळ्यात शिरकाव मिळावा म्हणून नव्हे.

सोवळे पाळणारा विचारतो, हे खाल्ल्याने मी विटाळेन काय? धम्म मानणाऱ्याने विचारावे, माझ्या खाण्यापायी कोणाला दुःख होते? म्हणूनच सोवळ्यात दूध पवित्र ठरते आणि दूध देणारीचे पिल्लू कोणी पाहत नाही. म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही. पारडी झाली तर ठेवतात. रेडकू नर निघाले तर शहरी तबेल्यात त्याने प्यायलेले दूध हा तोटा समजला जातो आणि बहुधा ते फार दिवस जगत नाही. आटलेली म्हैस पुष्कळदा कसायाकडेच जाते. २०१५ साली आपल्या राज्यात गायीबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हशीच्या नाही. प्राण्यांतही वर्ण पाहणारी ही दया आपली नव्हे. देशात तिच्या नावावर माणसेही मारली गेली आहेत.

अंड्यांचेही तसेच. पिंजऱ्यातील कोंबडीच्या वाट्याला वहीच्या पानाएवढी जागा येते. अंडी देणाऱ्या जातीची नर पिल्ले उबवणी केंद्रातच मारतात, कारण ती अंडी देत नाहीत आणि मांसासाठीही परवडत नाहीत.

कोणी म्हणेल, भगवंतांनी तर मांस बंद केले नाही. खरे आहे. देवदत्ताने भिक्खूंना मांस-मासळी वर्ज्य करावी अशी मागणी केली, ती त्यांनी नाकारली. प्राणी आपल्यासाठी मारल्याचे भिक्खूने पाहिलेले, ऐकलेले नसावे, तशी शंकाही नसावी, एवढाच नियम ठेवला. पण भिक्खू पात्रात पडेल ते घेतो. आपण पिशवी घेऊन बाजारात जातो, पैसे मोजतो, काय घ्यायचे ते स्वतः ठरवतो. भिक्खूची सवलत आपण कशी मागावी? उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत प्राण्यांचा आणि मांसाचा व्यापार आहे. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद दाखवला आहे. आपल्या घराची गरज किती, हे ज्याने त्याने तपासावे.

मोरा बंदरात हे बोलताना जपून बोलले पाहिजे. कोळी बांधवांची चूल समुद्रावर चालते, आणि आपल्याही कित्येक घरांत स्वस्त व पोटभर पोषण म्हणजे सुकट आणि सुके बोंबील. शेजाऱ्याच्या ताटाला नाक मुरडण्यासाठी कोणी हा आहार घेणार असेल, तर त्याने तो घेऊच नये.

एका दिवसात सगळे सोडण्याची घाईही नको. सम्राट अशोकाच्या पहिल्या शिलालेखात म्हटले आहे की, पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यासाठी रोज पुष्कळ प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरिण, आणि पुढे तेही नाही. म्हणजे सम्राटालाही पायरीपायरीने जावे लागले. शिकारीच्या सहली सोडून त्याने धम्मयात्रा सुरू केल्या, ते सांगणाऱ्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली आपल्याच कोकणपट्टीत, सोपाऱ्याला सापडला.

आता घरातले. डाळी, वाल, मटकी, शेंगदाणे, तीळ रोजच्या जेवणात हवेत. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हशीच्या दुधात साधारण १२०. मात्र ब जीवनसत्त्वाचा बारावा प्रकार, बी-१२, वनस्पतींतून मिळत नाही. त्याची गोळी नियमाने घ्यावीच लागते. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि लहान मूल यांच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारा.

वैशाख पौर्णिमेच्या खिरीचे काय, असे भगिनी विचारतील. सुजाताची खीर दुधाची होती. आपल्याकडे नारळ आहे. तांदूळ पातळ दुसऱ्या दुधात शिजवावा, गूळ घालावा, आणि खाली उतरवून मग पहिले दाट दूध घालावे. ते घातल्यावर पुन्हा उकळू नये, फुटते.