गणपती गेले, आता अबोली लावा

गणपती बोळवून झाले, धारा थांबून सरींवर आल्या, की जोयडा तालुक्यात अबोली लावायचे दिवस सुरू होतात. भर जूनमध्ये लावलेली रोपं इथे अनेकदा फुकट जातात. या झाडाला ओल हवी असते, पण मुळाशी तुंबलेलं पाणी ते चार दिवसही सोसत नाही. कुंभारवाडा, अणशी, कॅसलरॉक या पट्ट्यातला आषाढ ज्याने पाहिला आहे, त्याला यापलीकडे काही सांगायला नको.

अबोली मूळची दक्षिण भारत आणि श्रीलंकेची. अडुळसा, कोरांटी आणि घाटातली कारवी हे तिचे सख्खे भाऊबंद. कन्नडमध्ये ती कनकांबर, तर किनाऱ्याकडे अब्बलिगे. फुलाला वास नाही, पण रंग असा की साडीच्या दुकानात ‘अबोली’ याच नावाने मागितला जातो. झुडूप जेमतेम मांडीएवढं वाढतं, त्यामुळे अंगणाच्या कडेला, विहिरीजवळ किंवा सुपारीच्या बागेच्या उजेडाच्या बाजूला सहज मावतं. विरळ सावली चालते. दाट सावलीत मात्र पानंच माजतात, तुरे येत नाहीत.

कोणती जात लावावी? विक्रीसाठी ‘दिल्ली’ अबोली घ्यावी. फूल मोठं, रंग तजेलदार केशरी. ही जात त्रिगुणित, म्हणजे तिच्या पेशींत गुणसूत्रांचे तीन संच असतात. त्यामुळे तिला बी धरत नाही आणि रोप फाट्यांपासूनच करावं लागतं. बंगळुरूजवळच्या हेसरघट्टा इथल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ‘अर्का अंबरा’, ‘अर्का कनका’, ‘अर्का श्रीया’ अशा जातीही दिल्या आहेत. मिळाल्या तर थोड्या लावून पाहाव्यात.

फाटे शेंड्याचे, वीतभराहून थोडे कमी आणि दोन-तीन पेरांचे घ्यावेत. खालची पानं काढून ते वाळू मिसळलेल्या मातीच्या पिशव्यांत, सावलीला लावावेत. साधारण महिन्याभरात मुळं धरतात. जुलैत पिशव्या भरून ठेवल्या असतील, तर रोपं आता लावणीला तयार असतील. नसतील तर आज फाटे लावून ऑक्टोबरअखेर लावणी करावी.

घरची देशी अबोली बियांवर येते आणि तिचं बी गोळा करणं म्हणजे पोरांचा खेळ. वाळलेली कणसं टोपात टाकायची, पाण्याचा हबका मारायचा आणि लगेच झाकण ठेवायचं. बोंडं भिजली की तडतड फुटतात आणि बी झाकणावर आदळतं. हेच झाडावर झालं तर बी अंगणभर उडतं. म्हणून कणसं तपकिरी होताच, पाऊस येण्याआधी खुडावीत.

लावणीला हातभर रुंदीचे, वीतभर उंच गादीवाफे करावेत आणि दोन वाफ्यांमधली चर उताराकडे मोकळी सोडावी. ‘दिल्ली’ अबोलीला 60 बाय 40 सेंटिमीटर अंतर ठेवलं की गुंठ्याला सुमारे 400 रोपं बसतात. गुंठ्याला 250 किलो कुजलेलं शेणखत आणि 10 किलो निंबोळी पेंड मातीत मिसळावी. रोप जीव धरून वाढू लागलं की शेंडा एकदा खुडावा, म्हणजे बाजूने फुटवे येऊन झुडूप गोल, आटोपशीर होतं.

पानं पिवळी पडली की लोक आधी फवारणीचा पंप उचलतात. तसं करू नये. आधी एक पिवळं रोप उपटून मुळं धुऊन पाहावीत. मुळांवर काळपट-तपकिरी डाग असतील तर सूत्रकृमींचा संशय घ्यावा. प्रॅटिलेंकस डेलाट्री ही सूत्रकृमी अबोलीची जुनी वैरीण आहे. अशी रोपं मुळासकट काढून जाळावीत, त्या वाफ्यात पुन्हा अबोली न लावता झेंडू घ्यावा आणि बाहेरून रोपं आणताना मुळं तपासूनच घ्यावीत. मूळ पांढरं, धडधाकट असूनही कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर लोहाची उणीव समजावी. तेव्हा लिटरभर पाण्याला 5 ग्रॅम फेरस सल्फेट या प्रमाणात फवारावं. शंका असेल तर मातीचा नमुना शिरसीच्या कृषी विज्ञान केंद्रात द्यावा.

फुलं एका दिवसाआड, सकाळी उन्हाआधी तोडावीत. तुऱ्यातल्या कळ्या खालून वर उमलत जातात, त्यामुळे एक तुरा बरेच दिवस फुलं देतो. तो संपला की कापावा. किलोभर वजन भरायला हजारो फुलं लागतात, म्हणून तागडीपेक्षा वळेसर करून विकणं परवडतं. रामनगर-अनमोडमार्गे फोंडा आणि अणशीमार्गे कारवार, दोन्हीकडे अबोली माळणाऱ्या बायका आहेत. सप्टेंबरअखेर लावलेली रोपं डिसेंबरात फुलू लागतात आणि उळवीची जत्रा माघात असते, म्हणजे जत्रेत विकायला फुलं वेळेवर हाती येतात.