डब्यातली पोळी आणि ब्रेडमधलं आयोडीन

नेदरलँड्समधल्या बहुतेक प्राथमिक शाळांत दुपारचं जेवण मिळत नाही. मुलं घरून डबा नेतात. त्याला इथे ‘ब्रोडट्रॉमेल’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ब्रेडचा डबा. नावातच मेन्यू आला! ब्रेडचे दोन-तीन स्लाइस, मध्ये चीज, पीनट बटर किंवा चॉकलेटची ‘हागलस्लाख’, आणि सोबत एखादं फळ. शाळेत डबा गरम करायची सोय नसते, फ्रिजही सगळीकडे नसतो, आणि थोड्या वेळात खाऊन मुलांना मैदानावर पळायचं असतं. संध्याकाळी सहाच्या सुमारास घरी गरम जेवण होतं, त्यामुळे डच आईबाबांना या थंड डब्यात काहीच वावगं वाटत नाही.

आपल्याला वाटतं. इथे युट्रेख्टमध्ये मराठी घरांत मुलांच्या डब्याचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, “रोज थंड ब्रेड? त्यात कसलं पोषण?” मग पोळीचे रोल, मेथीचे ठेपले, घावन, तूप-साखर पोळी असे डबे सुरू होतात. भाजी, डाळ आणि तंतुमय पदार्थ यांच्या हिशेबात पोळी-भाजीचा डबा चॉकलेट-ब्रेडपेक्षा सरस आहे, यात मला शंका नाही. पण डच ब्रेडमध्ये अशी एक गोष्ट असते जी आपल्या पोळीत आपोआप येत नाही. ती दिसत नाही, चवीला कळत नाही, आणि म्हणून ती गेली तरी लक्षात येत नाही. ती गोष्ट म्हणजे आयोडीन.

आपल्या गळ्यातली थायरॉईड ग्रंथी जी संप्रेरकं तयार करते त्यांच्या रेणूत आयोडीनचे अणू असतात: टी-४ मध्ये चार, टी-३ मध्ये तीन. शरीराची वाढ, मेंदूचा विकास आणि ऊर्जेचा वापर या सगळ्यांवर या संप्रेरकांचा ताबा असतो. आयोडीन कमी पडलं की ग्रंथी जास्त काम करू पाहते आणि सुजते. हाच आपल्या शाळेच्या पुस्तकातला गलगंड. गरज मात्र अगदी नगण्य असते. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मते १ ते १० वर्षांच्या मुलांना दिवसाला ९० मायक्रोग्रॅम, ११ ते १४ वर्षांना १२० आणि प्रौढांना १५० मायक्रोग्रॅम पुरतं. पण हे नगण्य प्रमाण धान्यातून आणि भाज्यांतून भरून येत नाही, कारण बऱ्याच ठिकाणच्या मातीतच आयोडीन फार कमी असतं.

भारताने यावर उपाय केला तो मिठातून. आजच्या हिमाचल प्रदेशातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात एक मोठा प्रयोग सुरू केला. काही भागांत आयोडीनयुक्त मीठ, एका भागात साधं मीठ. जिथे आयोडीन मिळालं तिथे गलगंडाचं प्रमाण उतरलं, आणि १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तुम्ही-आम्ही लहानपणी आयोडीनच्या मिठाच्या जाहिराती पाहिल्या, त्यामागे हा इतिहास आहे. भारतात स्वयंपाकघरातलं रोजचं मीठ हेच आयोडीनचं वाहन, त्यामुळे पोळी खा, भात खा किंवा आमटी प्या, ते पोटात जातंच.

डच लोकांनी वाहन वेगळं निवडलं. इथे मुख्य भर ब्रेडवर आहे, कारण ब्रेड सगळेच खातात आणि रोज खातात. बेकरीच्या मिठात किलोमागे ६५ मिलिग्रॅमपर्यंत आयोडीन घालता येतं, तर घरगुती मिठात २५ मिलिग्रॅमपर्यंतच. म्हणजे एकाच देशात दोन प्रकारचं मीठ आहे, आणि जास्त आयोडीनवालं मीठ आपल्या स्वयंपाकघरात येतच नाही. शिवाय याची सक्ती नाही. बेकरीवाले ते करतात ते सरकारशी झालेल्या करारामुळे.

आता जरा हिशेब करू. एका स्लाइसमध्ये साधारण ०.४ ग्रॅम मीठ असतं. भाजताना थोडं आयोडीन उडतं, ते धरून एका स्लाइसमागे २० मायक्रोग्रॅमच्या आसपास उरतं. सकाळी दोन आणि डब्यात दोन स्लाइस खाणाऱ्या सात वर्षांच्या मुलाची गरज जवळपास तिथेच भागते. वर ग्लासभर दूध प्यायलं की झालंच.

आपल्या घरी सकाळी पोहे, डब्यात पोळी आणि रात्री वरण-भात. दिवसभरात मुलाच्या पोटात समजा ३ ग्रॅम मीठ गेलं, आणि ते सुपरमार्केटमधलं आयोडीनयुक्त मीठ असेल, तर त्यातून जास्तीत जास्त ७५ मायक्रोग्रॅम मिळेल. दूध-दही असेल तर काठावर का होईना, पण जमतं. मात्र हेच मीठ गुलाबी हिमालयीन, जाडं समुद्री किंवा उपासाचं सैंधव असेल तर त्या ७५ च्या जागी जवळजवळ शून्य येतं. (गुलाबी हिमालयीन मीठ म्हणजे आपलं सैंधवच. इथे ते सुंदर बाटलीत चौपट किमतीला मिळतं इतकंच.) ब्रेड गेला आणि मीठही बदललं, अशी दोन्ही दारं बंद झालेली घरं मला आपल्या मंडळींत बरीच दिसतात, आणि बहुतेक ठिकाणी हे दोन्ही बदल ‘हेल्दी’ म्हणून केलेले असतात.

एका अन्नाच्या जागी दुसरं आलं की त्याबरोबर न दिसणारं काहीतरी निघून जातं, ही गोष्ट पहिल्यांदा ओळखणाऱ्यांपैकी एक माणूस याच शहराचा. क्रिस्तियान आइकमन १८९८ पासून युट्रेख्ट विद्यापीठात प्राध्यापक होते. त्याआधी बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, बेरीबेरीवर काम करताना त्यांना दिसलं, की पॉलिश केलेला पांढरा भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. तांदूळ तोच, फक्त वरचा थर गेला होता. त्या थरातलं थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, पुढे इतरांनी शोधलं, आणि आइकमन यांना १९२९ चं नोबेल मिळालं.

पण थोडं आयोडीन कमी पडलं तर मुलांना खरंच फरक पडतो का? तीव्र कमतरतेचे दुष्परिणाम निर्विवाद आहेत, विशेषतः गर्भातल्या बाळाच्या मेंदूवर. सौम्य कमतरतेबद्दल पुरावा कमी आहे, पण आहे. न्यूझीलंडमध्ये सौम्य कमतरता असलेल्या १० ते १३ वर्षांच्या १८४ मुलांवर केलेला प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीनची गोळी, अर्ध्यांना खोटी गोळी, २८ आठवडे. आकलनाच्या चारपैकी दोन चाचण्यांत आयोडीनवाली मुलं सरस ठरली. फरक मोठा नव्हता, कोणी एकदम हुशार झालं नाही. पण इतक्या स्वस्त गोष्टीसाठी तेवढा फरक मला पुरेसा वाटतो. त्याच वर्षी न्यूझीलंडने ब्रेडमध्ये आयोडीनयुक्त मीठ सक्तीचं केलं.

लगेच मुलांची तपासणी करायला धावू नका. खाल्लेल्या आयोडीनपैकी सुमारे ९० टक्के लघवीतून बाहेर पडतं, म्हणून लोकसंख्येची पाहणी लघवी तपासून होते. पण एका मुलाचा आकडा रोज बदलतो, त्यामुळे एका नमुन्यावरून काही कळत नाही. त्यापेक्षा स्वयंपाकघरातली मिठाची बाटली उलटी करून वाचा. ‘योडियम’ हा शब्द दिसला पाहिजे. नसेल तर मिठाचं प्रमाण वाढवायचं नाही, फक्त बाटली बदलायची. ब्रेडच्या घटकांतही तोच शब्द शोधा. ‘बिओलोखिस’ म्हणजे सेंद्रिय ब्रेडमध्ये बऱ्याचदा साधं समुद्री मीठ असतं, आणि घरी केलेल्या ब्रेडमध्ये आपण घालू तेच.

डब्याचं म्हणाल तर पोळी बंद करायची काहीच गरज नाही. आठवड्यातले दोन-तीन दिवस ब्रेड, बाकी दिवस पोळी, एवढंही पुरे. ब्रेडचा डबा कंटाळवाणाच असला पाहिजे असं कुठे आहे? हिरवी चटणी, काकडी आणि उकडलेल्या अंड्याच्या चकत्या घालून सँडविच करा. एका अंड्यात साधारण एका स्लाइसइतकं आयोडीन असतं. आमच्याकडे सर्वाधिक मागणी फोडणीच्या ब्रेडला आहे: उरलेल्या स्लाइसचा चुरा, मोहरी-हळद-कांद्याची फोडणी, वर लिंबू. गारही छान लागतो आणि चमच्याने पाच मिनिटांत संपतो. वर दाण्याचं कूट घालणार असाल तर आधी शिक्षकांना विचारा, वर्गात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असू शकते.

पोळीच्या दिवशी दशमी करून बघा. आपल्या आज्या प्रवासाला दशम्या द्यायच्या त्याला कारण आहे: कणीक दुधात आणि तेलात भिजवली की स्निग्धांशामुळे स्टार्च कडक होण्याची क्रिया मंदावते, आणि दशमी दुपारपर्यंत मऊ राहते. दुधातून येणारं आयोडीन एका दशमीमागे किरकोळच, तेव्हा त्यावर विसंबू नका. दूध वेगळं प्यायलेलं बरं. १०० मिलिलिटरला साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम मिळतं, दह्यातही तसंच. ओट किंवा बदामाच्या दुधात आयोडीन वेगळं घातलेलं नसेल तर ते जवळपास नसतंच, म्हणून पूर्ण वनस्पतीजन्य आहार असलेल्या घरांनी याकडे जास्त लक्ष द्यावं आणि गरज वाटल्यास आपल्या ‘हाऊसआर्ट्स’शी बोलावं. मनाने गोळ्या किंवा समुद्री शेवाळाची पावडर सुरू करू नये. कोम्बूसारख्या शेवाळाच्या एका ग्रॅममध्येच हजारो मायक्रोग्रॅम आयोडीन असू शकतं, आणि ७ ते १० वर्षांच्या मुलांसाठी दिवसाची वरची मर्यादा ३०० आहे.

इतर देशांतल्या वाचकांना हा हिशेब थोडा बदलावा लागेल. बेल्जियममध्येही भर ब्रेडवरच आहे. डेन्मार्कमध्ये ब्रेड आणि घरगुती मीठ दोन्हींत आयोडीन असतं. ब्रिटनमध्ये दुकानातलं बहुतेक मीठ साधं असतं आणि मुख्य स्रोत दूध आहे. तिथे मुलाने दूध सोडून ओटचं दूध घेतलं, तर ते इथे ब्रेड सोडण्यासारखंच झालं.